निळ्या शिंगांचे अठरा बैल

भारतीय शेतीचं भवितव्य शेणावर अवलंबून आहे, असं सरकारने एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या सुमारास जाहीर केलं. घोषणा गंभीर होती. तालुक्याच्या ऑफिसच्या भिंतीवर ती ऑइलपेंटने रंगवली होती आणि खाली एक हसरी गाय काढली होती. पुनावळ्याच्या कोंडीरामने ती तितक्याच गंभीरपणे वाचली. शेणाबद्दल त्याचा सरकारशी काही मतभेद नव्हता. अडचण एवढीच होती, की ते द्यायला त्याच्या दारात एक म्हैस सोडली तर कोणी नव्हतं.

पूर्वी होतं. पाखऱ्या आणि चित्र्या अशी बैलजोडी होती. पण सहा वर्षांपूर्वी कोंडीराम पिंपरीच्या पुढे एका स्कूटरच्या कंपनीत पेंट शॉपला लागला, आणि पर्मनंट झाल्याच्या आनंदात त्याने जोडी विकून टाकली. पर्मनंट माणसाने बैलामागे चालणं बरं दिसत नाही, असं त्याला कँटीनमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. अडीच एकर रान त्याने वाट्याने दिलं. तानुबाईला, म्हणजे बायकोला, विचारायचं तेवढं राहून गेलं. ती तेव्हा माहेरी माणला गेली होती. परत आली तर गोठ्यात दोन रिकामे खुंटे, आणि जू भिंतीला टेकवून ठेवलेलं.

सहा वर्षं झाली तरी त्या विषयावर ती काही बोलली नव्हती, आणि कोंडीरामला ते न बोलणं कंपनीच्या भोंग्यापेक्षा मोठ्याने ऐकू यायचं.

बाकी विषयांवर मात्र ती बोलायची. नागपंचमीला माणला जाऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "जाईवैनीकडं गोबरगॅस आलाय."

"बरं," कोंडीराम म्हणाला.

"चावी फिरवली, काडी वढली, निळा जाळ. ना धूर, ना फुंकणी. बसल्या जागी चहा."

"बरं."

"बरं काय बरं? तुमच्या पयल्या शिफ्टचा डबा मी अंधारात फुंकणी फुकून करती. डोळं बगा माझं. वैनी मला काय म्हनली ठावं हाय? वन्सं, रडून आलाय का म्हनं."

"मग?"

"म्हनलं, व्हय. सासरी लई सुख हाय, म्हनून रडू येतं."

कोंडीरामने चहाचा कप तोंडाला लावला. चहाला धुराचा वास होता. इतकी वर्षं त्याला तो चहाचाच वास वाटत आला होता.

"सरकार निम्म्याच्या आसपास पैसं देतंय म्हनं," तानुबाई म्हणाली. "आनायचा असंल तर आना. न्हाई तर सांगा. पुढच्या खेपंला माणला गेले, की तिथंच चहा पीत बसते."

ही धमकी नव्हती. धमकी दिली असती तर कोंडीरामला झोप लागली असती. तानुबाईने ती माहिती म्हणून सांगितली होती.

गावात सरकार समजणारा माणूस एकच होता: माजी सरपंच उद्धवराव. त्याला सगळे नाना म्हणत. सरकारची एकही योजना नानाने आजवर दारातून परत पाठवली नव्हती. जपानी भातशेतीची योजना आली तेव्हाचं कोळपं त्याच्या अंगणात उभं होतं. त्यावर टॉवेल वाळत. अनुदानाच्या पेरणीयंत्रात कोंबडी अंड्यावर बसली होती. कंपोस्टची योजना आली तेव्हा नानाने सात खड्डे खणले, साहेब ते मोजून गेले, आणि साहेबांची पाठ वळताच नानाने त्यांत आंब्याची सात रोपं लावली. आंबे चांगले येत. खाऊन गेलेल्या साहेबांनीही तसं सांगितलं होतं.

"अटी दोन हायेत," नाना म्हणाला. "शेतकरी ल्हान पायजे आन् दारात चार मोठी जनावरं पायजेत."

"ल्हान तर मी हायेच की."

"तू ल्हानच हायेस, लेका. त्यात कुनाला शंका न्हाई. जनावरांचं बोल."

"म्हस हाय एक. बाकी तीन उसनी आनू का?"

नानाने कानाला हात लावला. "खोटं बोलायचं न्हाई, कोंडीराम. सरकारशी खोटं बोलनाराचं कधी भलं झालं न्हाई. आपन फकस्त तारीख निवडायची."

"कसली तारीख?"

"तपासणीची. तपासायला येनार ते रंगरावसाहेब. विस्तार अधिकारी. मानूस सरळ हाय, पर लातूरकडचा. त्यांच्याकडं पोळा श्रावणात असतो. त्यांचा पोळा खाऊन-जिरवून झाला. आपला भादव्यात, सर्वपित्री अमावस्येला. त्या दिवशी त्यांच्याकडं पितरं जेवत्यात, बैल न्हाई. त्यांना ठावंच नसनार, की आपल्याकडं पोळा हाय."

कोंडीरामच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला.

"पोळ्याला बैल कुनाच्या बी दारात पूजेला जातो," नाना म्हणाला. "तुज्या दारात माजी एक जोडी येईल, शेजारच्या साहेबरावाची एक येईल. झाले चार. साहेब येतील, बघतील."

"आन् कुनाचे म्हनून इचारलं तर?"

"तर खरं सांगायचं. म्हनायचं, जेवायला आल्यात."

अमावास्येची तारीख कोणी मागत नसल्यामुळे ती लगेच मिळाली.

या उपकाराची फेड म्हणून कोंडीरामने रंग आणला. स्कूटरचा एक आकाशी निळा कंपनीने त्या वर्षी बंद केला होता, आणि उरलेले डबे भंगारवाल्याकडून पिंपरी कॅम्पात विकायला आले होते. कोंडीरामने तिथून एक डबा रीतसर विकत घेतला आणि चार बैलांच्या शिंगांसाठी म्हणून नानाच्या हवाली केला. नानाने तो चावडीच्या कट्ट्यावर ठेवला. गावातले बैलवाले एकेक करून येऊन डब्यात डोकावले. शिंगांना नेहमी लावतात तो हिंगूळ पहिल्या सरीत उतरतो. हा रंग तर स्कूटरवर दहा-दहा वर्षं टिकतो, आणि स्कूटर काही बैलाएवढी पावसात उभी राहत नाही. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला. कोंडीरामची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे त्याला हे कळलं नाही.

दुसरं एक काम तानुबाईकडे होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, आणि उद्या आमच्याकडे जेवायला या, असं बैलांना तोंडाने सांगतात. हे आमंत्रण दिल्याशिवाय पूजा लागत नाही. कामावर निघताना कोंडीराम बजावून गेला होता, "नदीवर धुवायला आनतील तवा जा. नानाची जोडी आन् साहेबरावाची जोडी. चौघांना सांग."

रात्री त्याने विचारलं, "सांगितलंस का?"

"सांगितलं."

"चौघांना?"

"सगळ्यांना."

कोंडीरामचा घास हातातच राहिला. "सगळ्यांना म्हंजी?"

"अवं, पवनेच्या कडंला वळीनं उभे होते. पयल्या चौघांना या म्हनायचं, आन् पाचव्याच्या तोंडाकडं बघून तसंच पुढं जायचं? मानसाला जमतं व्हय ते?"

कोंडीरामने हातातला घास तोंडात घातला. त्याला स्वतःलाही ते जमलं नसतं.

रंगरावसाहेब अमावास्येच्या सकाळी वाकडपर्यंत एसटीने आणि पुढे भाड्याच्या सायकलवर आले. चेहरा दमलेला होता. मार्चच्या आत पंचवीस गोबरगॅस उभे करायचे त्यांना वरून सांगितलं होतं आणि आजवर दोन उभे राहिले होते. ज्या गावात जावं तिथे दावणीला सायकल. एका गोठ्यात लूना होती, एका ठिकाणी तर लेथ मशीन. घरटी एक माणूस कंपनीत होता, आणि कंपनीतल्या माणसाच्या दारात शेण कुठून असणार?

ते कोंडीरामच्या अंगणाशी वळले आणि सायकलवरून न उतरता तसेच एका पायावर उभे राहिले.

अंगणात बैल होते. कुडापासून रस्त्यापर्यंत बैल होते. अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंगं, आणि एकूणएक बैलाची शिंगं आकाशी निळी. उन्हात ती अशी चमकत होती, की वीसेक स्कूटरी हँडल वर करून उभ्या आहेत असं वाटावं.

"अगागागा," रंगरावसाहेब म्हणाले. "किती हो हे?"

त्यांनी स्वतःच मोजले. अठरा भरले. मग त्यांनी अर्ज काढून वाचला, पुन्हा बैलांकडे पाहिलं आणि पुन्हा अर्जाकडे. आवाज एकदम सरकारी झाला. "काय हो, अठरा बैल ठेवलाव, आन् अर्जात लहान शेतकरी म्हणून लिवलाव?"

कोंडीरामने नानाकडे बघितलं. नानाने मान डोलावली.

"जेवायला आल्यात, साहेब," कोंडीराम म्हणाला.

"जेवणारच की. जनावर हाय, उपाशी ऱ्हातंय होय? मी मालक कोण ते विचारलालो."

"म्हंजी तसे ते माझे न्हाईत..."

"अहो, एवढं तरी फसवू नका राव! सगळ्यांची शिंगं एकाच रंगाची. आन् रंग कसला, गाडीचा! गावात गाडीच्या कारखान्यात रंगवायच्या कामाला कोण हाय? अर्जात तुमीच लिवलाव." साहेबांनी पेन उघडलं. "अठरा बैल, एक म्हैस. मोठा शेतकरी. अपात्र."

नानाच्या सगळ्या आयुष्यात सरकारने त्याला एवढं अचूक उत्तर कधी दिलं नव्हतं. तेवढ्यात पुढचं काम बैलांच्या मालकांनी केलं. साहेब गावातले सगळे बैल कोंडीरामच्या नावावर चढवतायत, ही बातमी अंगणातून रस्त्यावर गेली होती.

"ओ साहेब, थांबा!" साहेबराव गर्दीतून पुढे आला. "ती कडंची जोडी माजी हाय. आज्यापास्नं आमच्याकडं बैल हायेत, आन् तुमी लिवताय कोंड्याच्या नावानं?"

"तो मधला माजा!"

"तुजा कुठला रं? मागच्या वर्साला निम्मा मी घेतलाय तुज्याकडनं!"

"निम्मा कसला, तीन पाय माजंच हायेत अजून!"

"मंग तुजं तीन पाय घिऊन जा की घरला!"

साहेब एकेक बैल खोडत गेले. सतरा खोडले. अठरावा रांगेत सापडेना. तो गोठ्यात सापडला. झूल घसरून पोटाखाली आलेली, बाशिंग एका डोळ्यावर, आणि तो डावीकडच्या रिकाम्या खुंट्याला तोंड लावून असा उभा, जणू सकाळीच रानातून आला होता.

तो पाखऱ्या होता. सहा वर्षांपूर्वी जोडी नानानेच विकत घेतली होती. चित्र्या गेला. पाखऱ्या म्हातारा झाला होता, आणि नाना त्याला दुसऱ्या एका बैलाशेजारी पोळ्यापुरता उभा करी.

"ह्यो माजा," नाना म्हणाला आणि त्याने कासऱ्याला हात घातला. तिथेच थांबला. पोळ्याच्या दिवशी बैलाला ओढत नाहीत, मारत नाहीत, त्याच्यावर आवाजही चढवत नाहीत. अख्खं गाव बघत होतं. नानाने पुरणपोळी आणून दाखवली. पाखऱ्याने ती खाल्ली आणि पुन्हा खुंट्याकडे तोंड केलं.

"चल की, म्हाराजा," नाना अगदी मऊ आवाजात म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो आजवर फक्त कलेक्टरशी बोलला होता. पाखऱ्याने कान हलवले.

रंगरावसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे असं झालं बघा. अठरा होते तेव्हा शेतकरी मोठा होता. आता एक म्हैस हाय, तर शेण पुरत नाही. दोन्हीकडनं अपात्र. माझा एक गोबरगॅस उभा राहिला असता, तो बी गेला." हे शेवटचं ते स्वतःशीच म्हणाले.

त्याच वेळी तानुबाई ओवाळणीचं ताट घेऊन गोठ्यात आली. साहेब बाजूला सरले. "बाई, तुम्ही तरी खरं सांगा. हे बैल कुणाचे?"

कोंडीरामने डोळे मिटले. तिने एक शब्द इकडचा तिकडे केला तर निळा जाळ होता, आणि नाही केला तर माण होतं.

"सतरा गावाचे," तानुबाई म्हणाली. "ह्यो माजा."

"पण हे तर म्हणालेत, त्यांचा हाय."

"यांनी इकला, नानांनी घेतला. मी कुटं इकलाय? मला इचारलंच न्हाई कुनी." तिने पाखऱ्याचं बाशिंग सरळ केलं, झूल वर ओढली, कुंकू लावलं. सहा वर्षांचं बोलणं एवढंच होतं. "आज आमचा पोळा हाय, साहेब. बैल खरंच जेवायला आल्यात. तुमी बी बसा."

आपल्याला काय दाखवलं जात होतं, हे रंगरावसाहेबांना आत्ता कळलं. ते रागावण्याच्या विचारात होते, पण आतून कटाची आमटी उकळल्याचा वास आला. अमावास्या होती, घर लांब होतं आणि सकाळपासून पोटात एक चहा होता.

त्यांना आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडला. चूल पेटलेली होती. लाकडं ओली होती. तानुबाई फुंकणीने जाळ करी, तव्यावर पोळी टाकी, पुन्हा फुंकी. तिसऱ्या पोळीला साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जेवण तिखट नव्हतं. त्यांनी चौथी पोळी घेतली, बाहीने डोळे पुसले आणि बराच वेळ चुलीकडे बघत राहिले.

"रोज असंच करताव?" त्यांनी विचारलं.

"आज कमी हाय," तानुबाई म्हणाली. "आज दार उगडं हाय."

हात धुतल्यावर साहेबांनी पेन पुन्हा काढलं. नाना जवळ सरकला. दोघांनी छापील तपासणीपत्रकावर डोकी टेकवली. सरकार समजणारी दोन माणसं एकत्र आली की जी शांतता पसरते, ती पसरली.

"हितं विचारलंय," साहेब म्हणाले, "तपासणीच्या वेळी अर्जदाराच्या दारात किमान चार जनावरे प्रत्यक्ष उभी होती काय?"

"अठरा होती."

"अठरात चार येतात."

"येत्यात की," नाना म्हणाला. "वर चौदा उरत्यात."

"आन् इथं विचारलंय, अर्जदार लहान शेतकरी आहे काय."

"बैल त्याचे न्हाईत. तुमीच खोडल्यात सतरा."

साहेबांनी दोन्हीकडे 'होय' लिहिलं. बैल दारात आहेत, कारण ते साहेबांनी स्वतः पाहिले. आणि शेतकरी लहान आहे, कारण ते बैल त्याचे नाहीत. पत्रकात एकही अक्षर खोटं नव्हतं. नाना ते वाचताना भारावून गेला होता. निघताना साहेबांनी सायकलवर टांग टाकली आणि कोंडीरामला म्हणाले, "पुढच्या वर्षी शिंगं लाल रंगवा."

संध्याकाळी सतरा बैल घरी गेले. पाखऱ्या गेला नाही, आणि पोळा असल्यामुळे त्याला कोणी नेलं नाही. सकाळी कोंडीराम गोठ्यात गेला तेव्हा तानुबाई त्याच्यापुढे वैरण टाकत होती.

कोंडीरामने जुवावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "ठिवायचा का ह्याला?"

तानुबाईने वर पाहिलं. "आत्ता इचारताय?"

"व्हय. जरा उशीर झाला."

"ठिवा," ती म्हणाली आणि वैरणीची दुसरी पेंडी सोडली.

नानानेही आढेवेढे घेतले नाहीत. पाखऱ्याने दोन वर्षांत नांगर ओढला नव्हता आणि तो खायला मात्र तरुण बैलाएवढा होता. नानाच्या दारातून फुकट बाहेर गेलेली ती पहिली वस्तू.

अनुदान यायला फाल्गुन उजाडला. त्याच्या मागोमाग गवंडी आला, खड्डा झाला, लोखंडी टाकी आली. कोंडीरामने शोधून त्याच निळ्याचा आणखी एक डबा आणला आणि सुट्टीच्या दिवशी टाकीला दोन हात दिले. कंपनीत त्याने एवढं चांगलं काम कधी केलं नव्हतं. टाकी भरली, फुगून हातभर वर आली. तानुबाईने चावी फिरवली, काडी ओढली, आणि निळा जाळ लागला. चहा झाला. त्यानंतर तिने तवा ठेवला. पहिली भाकरी पडायच्या आत जाळ बुटका झाला, पिवळा झाला, आणि गेला.

कोंडीरामने नळीच्या सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेच बुडबुडा नव्हता.

"गळत न्हाई वो कुटं," तानुबाई चुलीत लाकूड सारत म्हणाली. तिच्या कपाळाला आठी होती. ती काहीतरी आठवत होती. "नागपंचमीला वैनीनं मला चहाच पाजला. जेवायला बसलो, तवा भाकऱ्या आदीच झाल्या होत्या."

चैत्रातल्या जत्रेला तिचा भाऊ ज्ञानदेव आणि जाईबाई माणहून आले. पाव्हण्यांना पाणी दिलं, आणि तानुबाईने पदर खोचून गॅसची चावी फिरवली. निळा जाळ लागला. जाईबाई वाकून बघत राहिली.

"झाक हाय, वन्सं. सैपाक बी ह्याच्यावरच करता?"

"तुमी करता?"

जाईबाईने जाळाकडे पाहिलं, मग तानुबाईकडे. बाहेर जत्रेतला ढोल वाजत होता.

"चहा चांगला व्हतो ह्याच्यावर," जाईबाई म्हणाली.

"व्हय. चहा चांगला व्हतो."

दोघी काही वेळाने हसायला लागल्या, ते ओसरीवर बसलेल्या ज्ञानदेवला कळलं नाही. कोंडीरामला कळलं. त्याने भाकऱ्यांची टोपली जरा आत सरकवली, आणि चहा तीनच कप आला तेव्हा आपल्याला नको म्हणून सांगितलं.

तालुक्याच्या ऑफिसच्या भिंतीवर, हसऱ्या गाईच्या खाली, पुनावळ्याचं नाव त्या वर्षी रंगवलं गेलं. एका म्हशीच्या आणि एका म्हाताऱ्या बैलाच्या शेणावर तीन कप चहा होतो.